किकवाली गाडी बॅटरीशिवाय चालवली तर काय बिघडतं?

अडगळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने धागा काढतोय.

वडिलांची जुनी मोटारसायकल माझ्याकडे आहे. १०० सीसी, कार्ब्युरेटरवाली, फक्त किक. सेल्फ नाहीच. दीड वर्षापूर्वी हौसेने पार उघडून चासीसकट रंग देऊन घेतला, त्यामुळे दिसायला नवरी आहे. पण त्यानंतर हिने तीन बॅटऱ्या खाल्ल्या. तिसरीही नुकतीच गेली. हॉर्न दाबला की बेडकाला खोकला झाल्यासारखा आवाज. इंडिकेटर लागतो, पण मिचकावत नाही, नुसता टक लावून बघत बसतो.

वैतागून बॅटरी काढून ठेवली आणि सहज किक मारून पाहिली. दुसऱ्या किकला गाडी चालू! मीच दचकलो. गेले दहा दिवस तशीच चालवतोय. फक्त काल रात्री हेडलाइटचा बल्ब उडाला, तो नवीन टाकला.

तर प्रश्न असा: बॅटरीशिवाय चालतेच आहे, तर चौथी कशाला आणू? कायम अशीच चालवली तर आतलं काही जळेल का?

रिकामटेकडा_७

बॅटरी नाही, सेल्फ नाही, हॉर्न नाही. याला सायकल म्हणतात. पेट्रोलही काढून टाका.

पान्हे_आणि_स्क्रू

धागाकर्ते, चालते. माझा हाच धंदा आहे, बॅटरीशिवाय फिरणाऱ्या गाड्या रोज बघतो. जुन्या किकवाल्या गाडीत प्लगचा करंट मॅग्नेटमधून येतो, त्याला बॅटरीचं देणंघेणं नाही.

एकच सांगतो. बॅटरी काढलीत, तर प्लसच्या वायरीचं टोक काय केलंत? तसंच लोंबकळत असेल तर आधी टेप गुंडाळा, नंतर धागा वाचा. लोकांना वाटतं बॅटरीच नाही तर शॉर्ट कसला होणार. अहो, गाडी चालू असताना रेक्टिफायर (मॅग्नेटच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारी डबी) त्या वायरीत करंट ढकलतच असतो. ते टोक सीटखालच्या पत्र्याला लागलं की सगळा माल चासीत. एका गिऱ्हाईकाने अशीच महिनाभर चालवली. माझ्याकडे आली तेव्हा रेक्टिफायरचं कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सांधा) वितळून एकजीव झालं होतं, कापून काढावं लागलं.

अडगळ

@पान्हे: धावत जाऊन बघून आलो. लोंबकळतच होतं. टेप लावली. _/\_

ठिणगी

"जुनी किकवाली म्हणजे चालते" हे अर्धंच खरं आहे. किक आहे की सेल्फ, यावर काही ठरत नाही. ठिणगीला लागणारी वीज कुठून येते, यावर ठरतं. किकने फक्त इंजिन फिरतं.

अडगळ यांच्यासारख्या गाडीत बहुतेक एसी सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) असतो. फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतात, आत स्टेटरवर (न फिरणाऱ्या भागावर) कॉइली. त्यातली एक बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची, ती सोर्स कॉइल. तिचं काम एवढंच की सीडीआयमधला कपॅसिटर भरायचा. साधारण दोन-तीनशे व्होल्टपर्यंत. मग पिस्टन योग्य जागी आला की पल्सर कॉइल इशारा देते, कपॅसिटर एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगपाशी हजारो व्होल्टची ठिणगी पडते. या सगळ्या वाटेत बॅटरी कुठेच नाही. म्हणून दुसऱ्या किकला चालू झाली, यात चमत्कार काही नाही.

डीसी सीडीआय असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरून तशीच काळी डबी, पण तिला १२ व्होल्ट बॅटरीकडून लागतात आणि ते वाढवून ती स्वतःच कपॅसिटर भरते. टीसीआय (ट्रान्झिस्टरवाली इग्निशन) असेल तरी तेच, इग्निशन कॉइललाच बॅटरीचा करंट लागतो. जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांतही दोन घराणी होती: एक मॅग्नेटोवर चालणारं, दुसरं बॅटरी आणि कॉइलवर. दुसऱ्या घराण्यातली गाडी मेलेल्या बॅटरीवर किक मारून मारून घाम काढते.

आणि फ्युएल इंजेक्शन असेल तर ठिणगीच्याही आधी पेट्रोलचा प्रश्न. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने साधारण तीन बारच्या आसपास दाब तयार केल्याशिवाय इंजेक्टर काय फवारणार?

शंकासुर

ताई, सगळं समजलं. पण माझ्या गाडीत एसी आहे की डीसी, हे डबीवर लिहिलेलं असतं का? माझ्या डबीवर फक्त चिखल आहे.

पान्हे_आणि_स्क्रू

@शंकासुर: बॅटरीचा फ्यूज काढा आणि किक मारा. चालू झाली तर एसी.

ठिणगी

@पान्हे: दादा, इथे एक खोच आहे. फ्यूज काढूनही डीसीवाली गाडी कधी कधी जोरदार किकने चालू होते, कारण रेक्टिफायर तिला थेट पुरवठा करतो. मग माणूस समजतो एसी आहे आणि बॅटरी फेकून देतो. खात्री करायची तर फ्यूजबरोबर रेक्टिफायरचं कपलरही काढा. दिव्याचं बटण बंद ठेवा, गाडी आयडलवरच ठेवा आणि चालू होतेय एवढं बघून लगेच बंद करा. रेक्टिफायर काढून दिवा चालू ठेवून रेस दिलीत तर बल्बला राम म्हणा.

आणि एक खूण. एसीवाल्या गाडीत चावी बंद करणं म्हणजे सीडीआयची एक वायर अर्थ करणं. होंडाच्या रंगसंगतीत ती काळी-पांढरी असते. म्हणून तिथे चावीच्या स्विचचं कपलर निघालं तर गाडी बंद पडत नाही, उलट बंदच होत नाही. डीसीवाली जागीच बंद पडते.

पान्हे_आणि_स्क्रू

मान्य. धंद्यात इतकी वर्षं झाली, पण कपलर काढून कधी बघितलं नव्हतं.

जुनाखोड

वरच्या प्रतिसादात मॅग्नेटोचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. विषय थोडा अवांतर होईल, हलके घ्या.

आमच्या तरुणपणी इंग्रजी गाड्या होत्या, लुकास कंपनीच्या वायरिंगच्या. अल्टरनेटरवाल्या काही मॉडेलांच्या चावीला तीन जागा असायच्या: बंद, चालू आणि ईएमजी, म्हणजे इमर्जन्सी. बॅटरी मेलेली असली की चावी ईएमजीवर करायची, मग अल्टरनेटरचा करंट सरळ इग्निशन कॉइलकडे जायचा. किक मारली की गाडी चालू. गंमत पुढे आहे. बॅटरी हळूहळू चार्ज व्हायला लागली की तिचा व्होल्टेज अल्टरनेटरला उलटा नडायचा आणि गाडी खोकायला लागायची. ते खोकणं हीच खूण, की आता चावी पुन्हा साध्या जागेवर आण. माहीत नसलेला माणूस घाबरून कार्ब्युरेटर उघडायचा. मी स्वतः उघडलेला आहे, रस्त्याच्या कडेला, जेट घासून साफ करून पुन्हा बसवलेला आहे. शेजारून एक गृहस्थ आले, काही न बोलता चावी फिरवली आणि निघून गेले. एवढी शरम पुन्हा कधी वाटली नाही.

पुढे साठच्या दशकात लुकासनेच २एमसी नावाचा कपॅसिटर काढला. निळ्या डब्यासारखा, स्प्रिंगमध्ये टांगायचा, टोकं खाली करून. तो असला की १२ व्होल्टची गाडी बॅटरी पूर्ण काढून चालवता यायची. म्हणजे धागाकर्त्यांचा प्रश्न कंपनीला तेव्हाच पडला होता.

रिकामटेकडा_७

काका, ते गृहस्थ मीच होतो.

जुनाखोड

@रिकामटेकडा: तुझा जन्म तरी झाला होता का रे?

चिखलप्या

"इंजेक्शन म्हणजे बॅटरी हवीच" याला मोठा अपवाद आहे. चिखलातल्या रेसच्या गाड्या! २००८ सालची सुझुकी आरएम-झेड ४५० आणि २००९ ची होंडा सीआरएफ ४५० आर, दोन्ही फ्युएल इंजेक्शनच्या, दोन्ही किकच्या आणि दोन्हींत बॅटरी नाही. वजन वाचवायचं म्हणून. किक मारली की जनरेटरमधून जेवढी वीज निघते तेवढ्यावर आधी ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर) जागा होतो, पंप फिरतो, मग फवारा, मग ठिणगी. मध्ये सांभाळून घ्यायला कपॅसिटर. पण हे सगळं तशाच हिशोबाने आखलेलं असतं. रस्त्यावरच्या इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी काढून "होंडाला जमतं तर मला का नाही" असं म्हणत किक मारत बसू नका. पाय दुखेल.

गुडघा

पाय दुखण्याचा विषय निघाला म्हणून आलो. माझं नाव उगाच नाही. उलटी किक बसलेली आहे.

पटापट अर्ध्या अर्ध्या किका मारून काही होत नाही. हळूच दाबत जायचं, कॉम्प्रेशनला पाय अडतो तिथे थांबायचं, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण, खालपर्यंत. बॅटरी नसताना तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण सोर्स कॉइलला ठराविक वेग मिळाला नाही तर कपॅसिटर भरतच नाही. मारायची तर मनापासून मारा.

कोरडी_विहीर

मी विरोधी पक्ष. एवढं "चालते चालते" वाचून धागाकर्ते खूश होतील म्हणून माझी कहाणी.

माझ्याही गाडीला किक होती, पण डिजिटल मीटर आणि एलईडी टेललॅम्प होता. बॅटरी बसली म्हणून काढून आठवडाभर तशीच चालवली. तिसऱ्या दिवशी मीटरचे आकडे थरथरायला लागले, पाचव्या दिवशी मीटर काळं. मग टेललॅम्पमधले अर्धे दिवे गेले. शेवटी रेक्टिफायर. एका बॅटरीपायी सगळी वरात निघाली.

सावलीतला_बाक

@कोरडी_विहीर: तुमच्या गाडीत मीटर होतं म्हणून. माझी सहा वर्षं बिनबॅटरीची फिरतेय. काटेवालं मीटर, साधे बल्ब. काऽही झालेलं नाही.

कोरडी_विहीर

@बाक: मागून येणाऱ्यांना विचारा. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा दिवा लागतो का?

सावलीतला_बाक

लागतो की. रेस दिली की लागतो.

उजवं_वळण

"रेस दिली की लागतो." हे वाक्य वाचून हसावं की रडावं कळेना. अहो, ब्रेक दाबताना रेस कोण देतं?

मी रोज गर्दीतून गाडी चालवते. माझ्या पुढे असाच एक बिनबॅटरीवाला होता. सिग्नलला वेग कमी केला, आयडलवर आला, ब्रेकलाइट मेणबत्तीसारखा. मला तो थांबतोय हेच कळलं नाही. माझं चाक त्याच्या मडगार्डला टेकलं. दोघंही वाचलो, पण त्याने माझ्याचकडे बघून आवाज चढवला. हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर, तिन्ही नेमके आयडलला लागतात, वळताना आणि थांबताना. बिनबॅटरीची गाडी नेमकी तेव्हाच आंधळी आणि मुकी होते. जळण्याबिळण्याचं तुम्ही बघा, मला एवढंच सांगायचं होतं.

सावलीतला_बाक

@उजवं_वळण: हम्म. हा विचार केला नव्हता.

ठिणगी

कोरडी_विहीर आणि बाक, दोघांचं खरं आहे. स्टेटरमधून वीज सरळ येत नाही, लाटांनी येते, आणि रेस वाढली की लाटाही उंच होतात. काहीही न जोडता मोकळी कॉइल मोजली तर जास्त आरपीएमला ५० व्होल्टच्या वर आकडे सहज दिसतात. रेक्टिफायर-रेग्युलेटर त्यांना लगाम घालतो, पण उरलेले उंचवटे गिळायचं काम बॅटरी करते. म्हणजे पंप हिसके देत पाणी टाकतोय आणि मध्ये हौद आहे म्हणून नळाला एकसारखी धार…

शंकासुर

आली! पाण्याची उपमा आली! विजेच्या प्रत्येक धाग्यावर कुणीतरी हौद बांधतोच.

रिकामटेकडा_७

हौदाला गळती असेल तर धागा वेगळा काढा.

ठिणगी

बरं, हौद रद्द. बॅटरी हा एक प्रचंड कपॅसिटर आहे असं समजा. ती काढली की उंचवटे सरळ दिव्यांपर्यंत जातात. साध्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, ती ते सहन करते. मीटर, एलईडी, ईसीयू यांना तेवढी सवड नसते. म्हणून बाकांची गाडी सहा वर्षं टिकली आणि विहिरींचं मीटर पाच दिवसांत गेलं.

शंकासुर

मग बॅटरीच्या जागी नुसता कपॅसिटर टाकला तर? जुनाखोड काकांच्या निळ्या डब्यासारखा?

पान्हे_आणि_स्क्रू

टाकतात. इलेक्ट्रोलिटिक, दहा हजार मायक्रोफॅरडच्या पुढचा. व्होल्टचा आकडा बघून घ्या, १६ व्होल्टचा स्वस्तात मिळतो म्हणून आणू नका, ३५ किंवा ५० चा आणा. प्लस-मायनस उलटं झालं तर फुगतो, मग फुटतो. सीटखाली फुटलेला आवाज कुठून आला हे शोधायला फार वेळ लागत नाही.

जुनाखोड

आणि जुन्या इंग्रजी गाडीत टाकणार असाल तर आणखी जपून. त्यातल्या पुष्कळ गाड्यांचं प्लस चासीला असतं.

ठिणगी

कपॅसिटरने धार (सॉरी, शंकासुर) सरळ होते, पण साठा होत नाही. इंजिन बंद, की सगळं बंद. आयडलला ब्रेकलाइट थोडा बरा दिसेल, बॅटरीसारखा नाही. उजवं_वळण यांचा मुद्दा तसाच राहतो.

सावलीतला_बाक

एक शंका. मेलेली बॅटरी काढण्यापेक्षा तशीच जोडून ठेवली तर? निदान डब्यात राहील.

पान्हे_आणि_स्क्रू

@बाक: कशी मेली त्यावर. आतला एखादा सेल शॉर्ट झाला असेल तर ती दहा-साडेदहा व्होल्टच्या वर येतच नाही आणि रेक्टिफायर तिला भरता भरता स्वतः तापतो. तसली बॅटरी असण्यापेक्षा नसलेली बरी. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. पान्हा चासीला लागला तरी मग काही होत नाही.

ठिणगी

मंडळी, आपण सगळे एका गोष्टीवरून उड्या मारून पुढे आलो. मी पहिली पोस्ट आत्ता पुन्हा वाचली.

अडगळ, तुमचा प्रश्न "बॅटरीशिवाय चालेल का" हा आहे. माझा प्रश्न वेगळा: दीड वर्षात तीन बॅटऱ्या का मेल्या? किकवाल्या गाडीची बॅटरी सेल्फचं ओझं ओढत नाही. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट, एवढाच संसार. ती सहा महिन्यांत जाण्याचं कारणच काय?

आणि दुसरं. इंजिन बंद असताना, बॅटरी जोडलेली होती तेव्हा, हेडलाइट लागायचा का?

अडगळ

@ठिणगी: नाही. हेडलाइट पहिल्यापासून इंजिन चालू असतानाच लागतो. रेस दिली की वाढतो, सोडली की कमी होतो.

बॅटरीचं म्हणाल तर, पहिल्या दोन पाण्याच्या होत्या. दर पंधरा-वीस दिवसांनी पाणी खालच्या खुणेच्या खाली गेलेलं असायचं. मी डिस्टिल्ड वॉटर घालायचो. वाटलं, उन्हामुळे उडतंय. तिसरी सीलबंद घेतली, ती तर फुगली. बाजूचा प्लास्टिकचा डबा पोटुशी बाईसारखा दिसतोय.

ठिणगी

इथेच घोडं पेंड खातंय!

तुमचा हेडलाइट एसीवर आहे. स्टेटरच्या लायटिंग कॉइलकडून थेट येतो. बॅटरी असली काय, नसली काय, त्याला फरक पडायला नको. तरी बल्ब उडाला. म्हणजे त्याचा दोष बॅटरी काढण्याकडे जात नाही.

पाणी उडणारी बॅटरी आणि फुगलेली बॅटरी म्हणजे ओव्हरचार्जिंग. बल्ब उडणं म्हणजे लायटिंगचाही व्होल्टेज जास्त. दोन्हींना लगाम घालणारा एकच: रेग्युलेटर, रेक्टिफायरच्याच डबीतला. तुमच्या बॅटऱ्या उपाशी मेल्या नाहीत, अजीर्णाने मेल्या.

एखादी धड बॅटरी उसनी मिळाली तर पाच मिनिटं जोडून मोजा. मल्टिमीटर डीसीवर, बॅटरीच्या दोन टोकांवर. गाडी बंद, मग आयडल, मग चांगली रेस. १४ ते साडेचौदाच्या आसपास थांबायला हवं. १५ च्या वर गेलं तर लगेच बंद करा, दुसऱ्याची बॅटरी आहे.

रिकामटेकडा_७

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आम्ही तीसेक प्रतिसाद बंब फिरवतोय.

अडगळ

भावाच्या गाडीची बॅटरी आणली (त्याला सांगितलं नाही). गाडी बंद: १२.६. आयडल: १३.५. रेस दिली: १५.९!! लगेच बंद केली.

मग काय, रेक्टिफायर गेला ना? नवीन आणू?

पान्हे_आणि_स्क्रू

थांबा, आणू नका. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये चासी रंगवली म्हणालात ना? रंगाच्या आधी बॅटरी किती टिकायची?

अडगळ

चार वर्षं टिकली होती शेवटची. अरे देवा.

पान्हे_आणि_स्क्रू

भाऊ, रंगवणारे बोल्टाच्या खालचा पत्राही रंगवतात. चकचकीत होतो, पण रंगातून करंट जात नाही. अर्थिंग फक्त बोल्टाच्या आट्यांमधून कसंबसं होतं. रेक्टिफायरची हिरवी वायर कुठे बोल्ट केलीय ती शोधा. मीटर डीसीवर, एक टोक त्या हिरव्या वायरीच्या लगला (टोकाच्या धातूच्या कडीला), दुसरं बॅटरीच्या मायनसला. दिवा लावा, थोडी रेस. जवळजवळ शून्य यायला हवं.

ठिणगी

@पान्हे: दादा, दंडवत. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रेग्युलेटर स्वतःच्या अर्थपासून मोजतो. तो अर्थच एक-दीड व्होल्ट वर तरंगत असेल तर त्याला बॅटरी तेवढीच कमी भरलेली दिसते आणि तो बिचारा आणखी भरत राहतो. लायटिंगचा जास्तीचा करंटही तो अर्थमध्येच सोडतो, तिथेही वाट अरुंद. दोन्ही दुखणी एका बोल्टावर येतात.

अडगळ

रविवार सत्कारणी लागला. टाकी काढली. हिरव्या वायरीचा लग चासीच्या एका कानावर बोल्ट केलाय. मीटर लावलं: १.३ व्होल्ट. बोल्ट काढला तर खाली रंग इतका सुंदर की घासवेना. वॉशरच्या खालीसुद्धा तकाकी. अंगठ्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा काढला, लगवरची हिरवट बुरशी खरवडली, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडलं. पुन्हा मोजलं: ०.०४.

मग भावाची बॅटरी पुन्हा जोडली. आयडल १३.४. रेस दिली, आणखी दिली: १४.३. तिथेच थांबलं. हेडलाइटही आता डोळे वटारत नाही.

तीन बॅटऱ्या आणि एक बल्ब. बोल्टाला घासायला लागलेला पॉलिश पेपर माझ्या घरातच पडून होता.

जुनाखोड

शाब्बास. कार्ब्युरेटर नाही ना उघडलास मध्येच?

अडगळ

@जुनाखोड: काका, खरं सांगू? धागा काढायच्या आदल्या दिवशी उघडला होता.

कोरडी_विहीर

हे वाचून माझ्या गाडीचं अर्थिंग मोजलं. ०.०२. म्हणजे माझं मीटर खरोखर बॅटरी काढल्यामुळेच गेलं. विरोधी पक्ष आपल्या जागी कायम.

सावलीतला_बाक

मी काल अंधारात गाडी भिंतीपाशी उभी केली आणि आयडलवर ब्रेक दाबून पाहिला. भिंतीवर काहीच दिसलं नाही. बॅटरी आणतोय. २.५ अँपिअर-अवरची पुरेल ना? डबा तेवढाच आहे.

पान्हे_आणि_स्क्रू

@बाक: पुरेल. पण सहा वर्षं वापरात नसलेली वायरिंग आहे. आधी फ्यूज आहे का ते बघा. तुमच्यासारख्यांनी तिथे फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला असतो.

सावलीतला_बाक

…बघतो.

अडगळ

एक शेवटचं. चौथी बॅटरी आणलीय, पण आधीच्या दोन पाण्याच्या अजून कोपऱ्यात पडून आहेत. त्यात पाणी घालून चार्ज केल्या तर उठतील का? आणि भावाने विचारलंय की त्याची बॅटरी कोमट का लागतेय.

ठिणगी

दोनपैकी जी अलीकडची आहे ती करून बघा. डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंत, झाकणं सैल, हवेशीर जागा, आणि चार्जिंग अगदी संथ: २.५ च्या बॅटरीला पाव अँपिअर. रात्रभर ठेवू नका, अधूनमधून बघत राहा. बारा तास विश्रांती देऊन साडेबाराच्या वर टिकली तर जगली. प्लेटांवर पांढरा थर दिसत असेल तर नाद सोडा.

भावाला काय सांगायचं ते पान्हे दादा सांगतील.

पान्हे_आणि_स्क्रू

सांगा, सर्व्हिसिंग करून दिली.